प्युरिटनांचें दार

प्युरिटनांच्या धर्मशास्त्राशीं नेरच्या वाचकास काय कर्तव्य, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर हें कीं, १८१३ सालीं मुंबईस उतरलेले गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे न्यू इंग्लंडच्या त्याच परंपरेचे वारस होते. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशननें आमच्या प्रांतांत शाळा व छापखाना घातला, आणि १८४२ पासून 'ज्ञानोदय' चालविलें. हें ऋण आम्ही नाकारीत नाहीं. परंतु प्युरिटन हे धर्मस्वातंत्र्याचे उद्गाते होते, असें जें सर्रास सांगितलें जातें, तें मात्र आम्हांस मान्य नाहीं.

१६३० सालीं मॅसॅच्युसेट्समध्यें वसाहत करणाऱ्यांस स्वातंत्र्य हवें होतें तें स्वतःपुरतें. रॉजर विल्यम्स यांस १६३५ सालीं व ॲन हचिन्सन यांस १६३७ सालीं हद्दपारीची शिक्षा झाली. १६६० सालीं मेरी डायर ही क्वेकर बाई बोस्टनांत फांसावर गेली. हा कांहीं माणसांचा केवळ हेकटपणा नव्हे. ईश्वरानें आपल्या समाजाशीं करार केला असून एकाचें पाप सर्वांवर कोप ओढवील, असें एकदां मानलें म्हणजे मतभेद हा राजद्रोहच ठरतो. जुन्या काळास आजचें माप लावूं नये, हा आक्षेप येईल. पण विल्यम्स व हचिन्सन हीं त्याच काळचीं माणसें नव्हतीं काय?

मंडळींत येणाऱ्यानें आपणांस झालेल्या ईश्वरी कृपेची साक्ष सर्वांपुढें द्यावी, असा त्यांचा दंडक. परिणाम असा कीं, त्यांचीं स्वतःचीं मुलेंच दाराबाहेर राहूं लागलीं! नातवंडांच्या बाप्तिस्म्यासाठीं १६६२ सालीं 'अर्धा करार' काढावा लागला. पुढें जोनाथन एडवर्ड्स यांनीं दार पुन्हां आवळूं पाहिलें, तेव्हां १७५० सालीं त्यांच्याच मंडळीनें त्यांस पाळकपदावरून दूर केलें.

हाच प्रश्न मराठी मुलखांतहि आला. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनीं १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला, व त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांस एकत्र बसविलें. यांत ज्यांस केवळ हिंदु संस्कारांचा अवशेष दिसतो, त्यांनीं १६६२ चा इतिहास पुन्हां वाचावा.

हें वाचून कोणी सोवळा वाचक सुखावला असेल, तर त्यानें चोखोबांची पायरी आठवावी. पंढरपुरचें मंदिर अस्पृश्यांस उघडें व्हावें म्हणून साने गुरुजींस १९४७ सालीं प्राणांतिक उपोषण करावें लागलें. दार आवळल्यानें पावित्र्य वाढत नाहीं. आंतलीं माणसें तेवढीं कमी होतात.