डुकराचे मूत्रपिंड आणि शेतकऱ्याचे

बुरशीच्या विषाने मूत्रपिंड निकामी होऊ शकते, हे आधुनिक विज्ञानाला प्रथम डुकरामुळे कळले. डेन्मार्कमध्ये १९२८ साली डुकरांच्या मूत्रपिंडविकाराचा संबंध बुरसलेल्या धान्याशी जोडण्यात आला. १९६५ साली दक्षिण आफ्रिकेत ऑक्राटॉक्सिन हे बुरशीजन्य विष वेगळे काढले गेले आणि पुढील दशकात डॅनिश संशोधकांनी तेच डुकरांना खाऊ घालून हुबेहूब तोच रोग निर्माण करून दाखविला. हे इतके निर्विवादपणे सिद्ध का होऊ शकले? डेन्मार्कचे डुकराचे मांस परदेशी विकले जात होते. कत्तलखान्यात पशुवैद्य प्रत्येक मूत्रपिंड पाहत होता. बाजारात किंमत असलेल्या अवयवाची नोंद राहते, हा अर्थशास्त्राचा साधा नियम येथे लागू पडला.

आता माणसाकडे वळू. डॅन्यूबच्या उपनद्यांकाठी, बल्गेरिया, तत्कालीन युगोस्लाव्हिया व रुमानियातील खेड्यांत, एका मूत्रपिंडविकाराचे वर्णन १९५० च्या दशकात झाले. शेतकरी कुटुंबांत घरोघरी माणसांची मूत्रपिंडे हळूहळू आकसत. डुकरांच्या रोगाशी साम्य दिसल्याने संशय ऑक्राटॉक्सिनवर गेला आणि तो दशकानुदशके टिकला. परंतु १९९३ साली बेल्जियममध्ये वजन घटविण्याच्या वनौषधींमुळे स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे उघड झाले आणि तपासाला निराळी दिशा मिळाली. २००७ साली क्रोएशियातील रुग्णांच्या ऊतींत ॲरिस्टोलोकिक आम्लाच्या खुणा सापडल्या. गव्हाच्या शेतातील एका विषारी तणाचे बी पिठात दळले जात होते. ही शंका १९६९ सालीच मांडली गेली होती. तिच्याकडे लक्ष द्यायला जवळजवळ चार दशके लागली. तेथील रोगाचे मुख्य कारण आज हेच मानले जाते. संशयित बदलला, बळी मात्र तोच राहिला: स्वतः पिकविलेले धान्य निवडण्या-पाखडण्याची सोय नसताना खाणारा शेतकरी.

मग बुरशी निर्दोष सुटली काय? नाही. ऑक्राटॉक्सिन रक्तातील प्रथिनांना चिकटून माणसाच्या शरीरात कित्येक आठवडे राहते, मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांतील पेशींत साचते आणि शिजविण्याने पुरते नष्ट होत नाही. माणसातील थेट पुरावा अपुरा आहे; १९९३ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'संभाव्य' कर्करोगकारक एवढेच म्हटले. पण अपुरा पुरावा म्हणजे निरपराधित्वाचा दाखला नव्हे. ज्याचे रक्त, लघवी आणि ताटातले अन्न वर्षानुवर्षे कोणी तपासलेच नाही, त्याच्याविषयी पुरावा यावा कोठून?

आपल्या शेजारचे उदाहरण विसरता येणार नाही. १९७४ साली पंचमहाल व बांसवाडा जिल्ह्यांत अवेळी पावसाने भिजलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य आदिवासी होते. ते विष अफ्लाटॉक्सिन, आणि त्याचा घाव यकृतावर. यकृताचे मरण काही आठवड्यांत आले, म्हणून ते दिसले. मूत्रपिंडाचा ऱ्हास वर्षानुवर्षे मुकाट्याने चालतो. तो दिसण्यासाठी कोणीतरी पाहावे लागते.

युरोपने २००२ साली धान्यातील ऑक्राटॉक्सिनला किलोमागे पाच मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. योग्यच केले. पण असे नियम विक्रीच्या धान्याचे असतात. कणगीतल्या धान्याला निरीक्षक नसतो. भिजलेला माल व्यापारी नाकारतो, तेव्हा गरिबाच्या घरी तो फेकला जात नाही, शिजतो. हात धुवून नीट निवडून खा, हा आरोग्यखात्याचा उपदेश येथे निरर्थक ठरतो. भूक असलेल्या घरात निवडण्याजोगे उरते काय?

म्हणून आपल्या मागण्या दोन असाव्यात. अवकाळी पावसानंतर भिजलेले धान्य शासनाने भरपाई देऊन ताब्यात घ्यावे आणि गावोगावी धान्य वाळविण्याची व साठविण्याची कोरडी सोय करावी. दुसरे, सार्वजनिक रुग्णालयांत मूत्रपिंडाच्या प्रत्येक रुग्णाचे गाव, व्यवसाय आणि घरचे धान्य यांची नोंद व्हावी. पहिल्या मागणीसाठी शास्त्रज्ञांच्या अंतिम निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. दुसरी मान्य झाली नाही, तर तो निकाल कधीच लागणार नाही.

डेन्मार्कमधील डुकराला जी तपासणी मिळाली, ती आपल्या शेतमजुराला मिळावी, एवढीच ही माफक अपेक्षा आहे.