एका वॉर्डाच्या पोटनिवडणुकीवरून वारं ओळखता येतं का?

नगरसेवकाची एक जागा रिकामी होते. पोटनिवडणूक लागते. सहाशे-सातशे लोक मतदान करतात. निकालाच्या दिवशी दुपारी गुलाल उडतो आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक ग्रुपवर एक ग्राफिक येऊन पडतं : ‘ही तर सुरुवात आहे’, ‘जनतेचा कौल स्पष्ट’. हरलेली बाजू सांगते, हा निकाल स्थानिक विषयांवर लागला, त्यातून मोठा अर्थ काढू नका. पुढच्या वेळी निकाल उलटा लागला की दोन्ही बाजू वाक्यांची अदलाबदल करतात.

लोणंदसारख्या नगरपंचायतीच्या गावाला हा खेळ नवा नाही. आता तो जास्त रंगणार आहे. सातारा, कराड, फलटण या नगरपालिका आणि मेढा नगरपंचायतीसाठी डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झालं. लोणंद त्या यादीत नव्हतं, कारण इथली मुदत २०२७ च्या सुरुवातीपर्यंत आहे. तोवर आजूबाजूच्या प्रत्येक छोट्या निकालाकडे ‘ट्रेलर’ म्हणून बोट दाखवलं जाईल.

माझं म्हणणं सरळ आहे. एका वॉर्डाचा निकाल पक्षाचं भवितव्य सांगत नाही. तो वॉर्ड किती दिवस प्रतिनिधीविना राहिला, हा आकडा मात्र व्यवस्थेबद्दल बरंच सांगतो. त्यावर ग्राफिक कुणी काढत नाही.

ब्रिटनमध्ये दर गुरुवारी काय होतं?

स्थानिक पोटनिवडणुकांवरून पक्षांचा अंदाज बांधण्याची सवय ब्रिटनला फार जुनी आहे. तिथे निवडणुका गुरुवारी घेण्याची प्रथा आहे आणि वर्षातल्या बहुतेक गुरुवारी कुठल्या ना कुठल्या कौन्सिलच्या वॉर्डात पोटनिवडणूक असते. मतदान अनेकदा ३० टक्क्यांच्याही खाली राहतं. तरीही कॉलिन रॅलिंग्ज आणि मायकल थ्रॅशर या दोन अभ्यासकांनी याच निकालांवरून देशपातळीवरच्या मतांचा अंदाज बांधण्याची पद्धत बसवली.

ती पद्धत एका वॉर्डावर विसंबत नाही, हे महत्त्वाचं. अनेक वॉर्डांचे निकाल घ्यायचे, प्रत्येक ठिकाणी मागच्या वेळच्या तुलनेत कुणाची मतं किती हलली ते पाहायचं आणि मग एकत्रित कल काढायचा. एखाद्या वॉर्डातला लोकप्रिय उमेदवार, कुठलं तरी बंद पडलेलं वाचनालय, कुणाची नाराजी हे सगळं बेरजेत बऱ्याच अंशी एकमेकांना खोडून टाकतं. उरतो तो कल.

१ मे २०२५ चं उदाहरण घ्या. इंग्लंडमधल्या स्थानिक निवडणुकांत रिफॉर्म यूके पक्षाने ६७७ जागा जिंकल्या आणि १० कौन्सिल ताब्यात घेतल्या. त्याच दिवशी रनकॉर्न अँड हेल्सबी या लोकसभेसारख्या मतदारसंघात पोटनिवडणूक होती. २०२४ मध्ये ही जागा लेबरने १४ हजारांहून अधिक मतांनी जिंकली होती. या वेळी ती रिफॉर्मने ६ मतांनी घेतली. फक्त ६ मतं असूनही तिचा अर्थ लागला, कारण शेजारी शेकडो जागांचा निकाल तेच सांगत होता.

तरी हा कल म्हणजे ठरलेली पट्टी नव्हे. २३ ऑक्टोबर २०२५ ला वेल्समधल्या केअरफिलीच्या पोटनिवडणुकीत रिफॉर्मचा बोलबाला होता. जागा जिंकली प्लाइड कम्री या वेल्सच्या प्रादेशिक पक्षाने आणि लेबर तिसऱ्या क्रमांकावर गेला. लोकांनी कुणाला आणायचं याइतकंच कुणाला रोखायचं हेही ठरवलं.

आपल्याकडे हे गणित का चुकतं?

पहिलं कारण निव्वळ आकड्यांचं. नगरपंचायत साधारण १० हजार ते २५ हजार लोकसंख्येच्या गावाला मिळते आणि तिचे वॉर्ड असतात १७. म्हणजे एका वॉर्डाची लोकसंख्या सुमारे ६०० ते १,५०० आणि मतदार त्याहून कमी.

समजा, एका वॉर्डात १,००० मतदार आहेत. ६५० जणांनी मतदान केलं आणि तिरंगी लढतीत २५०, २३५ आणि १६५ अशी मतं पडली. विजय १५ मतांचा. पहिल्या उमेदवाराच्या आठ मतदारांनी दुसऱ्याचं बटण दाबलं असतं तर निकाल २४२ विरुद्ध २४३ झाला असता. आठ मतं म्हणजे दोन घरं. एका भावकीतला बांधाचा वाद, मुंबई-पुण्याहून मतदानाला येऊ न शकलेली पोरं किंवा उमेदवाराच्या घरातलं लग्न एवढ्यावर हे फिरतं. त्याला ‘राज्यातलं बदलतं वारं’ म्हणायचं असेल तर प्रत्येक गल्लीचं वारं वेगळं मोजावं लागेल.

याचा अर्थ तो निकाल बिनमहत्त्वाचा असतो, असं मुळीच नाही. १७ जणांच्या सभागृहात बहुमत ९ वर होतं. सत्ता ९ विरुद्ध ८ अशी अडकली असेल आणि नवातला एक गेला, तर उरलेली पोटनिवडणूक गावाचा कारभार कुणाकडे जाणार हेच ठरवते. गावासाठी ती मोठीच असते. मुंबईतल्या पक्ष कार्यालयासाठी तिचा अर्थ फार मर्यादित असतो. आपण या दोन गोष्टींची गल्लत करतो.

दुसरं कारण पक्षांचं. ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी तेच चार-पाच पक्ष आपापल्या चिन्हावर लढतात, म्हणून बेरीज करता येते. आपल्याकडे ग्रामपंचायतीत पक्षचिन्हच नसतं. निकालानंतर प्रत्येक पक्ष ‘आमचे इतके सरपंच’ म्हणून यादी देतो आणि सगळ्या याद्यांची बेरीज एकूण सरपंचांपेक्षा जास्त भरते. नगरपालिकांत चिन्ह असतं, पण शहरागणिक आघाड्या बदलतात. डिसेंबर २०२५ मध्ये फलटणला महायुतीतलेच पक्ष समोरासमोर होते. मग तिथला निकाल महायुतीच्या बाजूचा धरायचा की विरोधातला?

जागा रिकामी का झाली, हे आधी विचारा

पोटनिवडणुकीचा निकाल वाचण्याआधी ती का लागली हे पाहायला हवं. स्थानिक संस्थांत जागा मृत्यू किंवा राजीनाम्यानेच रिकामी होते असं नाही. राखीव जागेवर निवडून आलेल्या सदस्याने मुदतीत जात वैधता प्रमाणपत्र दिलं नाही तर पद जातं. ग्रामपंचायतीत दोन अपत्यांच्या नियमामुळे किंवा सरकारी जागेवरच्या अतिक्रमणामुळे सदस्य अपात्र ठरतात. अशा ठिकाणी मतदाराने कुणाला नाकारलेलंच नसतं. कागद अडलेला असतो.

निधनानंतरची पोटनिवडणूक तर वेगळ्याच भावनेने लढली जाते. शेजारच्या सांगली जिल्ह्यात त्याची दोन ठळक उदाहरणं आहेत. आर. आर. पाटील यांच्या निधनानंतर २०१५ मध्ये तासगाव-कवठेमहांकाळमध्ये सुमनताई पाटील लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या. मोठ्या विरोधी पक्षांनी तिथे उमेदवारच दिला नव्हता. पतंगराव कदम यांच्यानंतर २०१८ मध्ये पलूस-कडेगावमध्ये विश्वजित कदम बिनविरोध आले. या दोन निकालांवरून त्या वेळच्या राष्ट्रवादीची किंवा काँग्रेसची ताकद मोजणं म्हणजे सांत्वनाला आलेली गर्दी सभेची म्हणून मोजण्यासारखं आहे.

मुंबईत अंधेरी पूर्वला २०२२ मध्ये भाजपने माघार घेतली. ऋतुजा लटके जिंकल्या आणि दुसऱ्या क्रमांकाची मतं, १२,८०६, ‘नोटा’ला पडली. मैदानात कोण नव्हतं, हे कधी कधी कोण जिंकलं याहून जास्त सांगून जातं.

साताऱ्याचा आणि कसब्याचा धडा

पोटनिवडणुकीने भविष्य सांगितलं असतं, तर साताऱ्याचा इतिहास वेगळा असता. मे २०१९ मध्ये उदयनराजे भोसले राष्ट्रवादीकडून सव्वा लाखाहून अधिक मतांनी लोकसभेवर गेले. काही महिन्यांत त्यांनी खासदारकी सोडली आणि भाजपमध्ये प्रवेश केला. २१ ऑक्टोबर २०१९ ला विधानसभेबरोबरच पोटनिवडणूक झाली. मतदानाच्या तीन दिवस आधी शरद पवारांची ती पावसातली सभा झाली आणि श्रीनिवास पाटील सुमारे ८७ हजार मतांनी जिंकले. ‘सातारा पक्षांतराला माफ करत नाही,’ असा निष्कर्ष तेव्हा काढला गेला. २०२४ मध्ये त्याच साताऱ्याने उदयनराजेंना भाजपच्या चिन्हावर सुमारे ३२ हजार मतांनी निवडून दिलं.

पुण्यातल्या कसब्याचंही तसंच. मार्च २०२३ मध्ये काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी भाजपचा जुना गड सुमारे ११ हजार मतांनी घेतला. २०२४ च्या लोकसभेत महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा जिंकल्या तेव्हा कसबा हा इशारा होता असं वाटलं. पाचच महिन्यांनी विधानसभेत कसबा भाजपकडे परतला आणि राज्यात महायुतीने दोनशेचा आकडा सहज ओलांडला. मग कसब्याने नेमकं काय सांगितलं होतं? त्या दिवशी, त्या उमेदवारांत, कसब्याला काय हवं होतं एवढंच.

मग लोणंदबद्दल काय म्हणता येईल?

लोणंदचं मतदान दोन टप्प्यांत झालं होतं. ओबीसी आरक्षणाच्या खटल्यामुळे काही जागांचं मतदान २१ डिसेंबर २०२१ ला, उरलेल्यांचं १८ जानेवारी २०२२ ला, आणि निकाल १९ जानेवारीला. तेव्हाच्या एकसंध राष्ट्रवादीला बहुमत मिळालं. जुलै २०२३ मध्ये तो पक्ष फुटला. इथले आमदार मकरंद पाटील अजित पवारांसोबत गेले आणि २०२४ ला वाई मतदारसंघातून पुन्हा निवडून आले. त्या निवडणुकीत जिल्ह्यातल्या आठही जागा महायुतीला मिळाल्या.

म्हणजे २०२२ मध्ये घड्याळाला पडलेलं मत आज कुणाच्या खात्यात लिहायचं, हाच प्रश्न आहे. त्या मतदाराने पक्ष निवडला होता, आमदाराचा गट निवडला होता की गल्लीतला ओळखीचा माणूस? सांगली लोकसभेत २०२४ ला अपक्ष विशाल पाटील जिंकले, तेव्हा या पट्ट्यातला मतदार चिन्हापलीकडे पाहतो हे दिसलंच आहे. शिवाय पुढच्या वेळी नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायची पद्धत आहे. मागच्या वेळी नगरसेवकांनीच तो निवडला होता. खेळाचा नियमच बदलला असताना शेजारच्या एखाद्या वॉर्डाच्या निकालावरून लोणंदचा निकाल सांगणाऱ्याला विचारा, तुमचं गणित कुठल्या नियमाने मांडलं आहे?

रिकाम्या खुर्चीची किंमत

आता मूळ मुद्द्याकडे. इंग्लंडच्या १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यात एक साधी तरतूद आहे. कौन्सिलची जागा रिकामी झाली आणि त्या भागातल्या दोन मतदारांनी लेखी कळवलं, की कामकाजाच्या ३५ दिवसांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. नियमित निवडणूक सहा महिन्यांच्या आत असेल तरच ती टळते. दोन मतदारांच्या सहीने घड्याळ सुरू होतं.

आपल्याकडे ते घड्याळ मतदाराच्या हातात नाही. राज्य निवडणूक आयोग रिक्त जागा एकत्र करून टप्प्याटप्प्याने कार्यक्रम लावतो. खर्च आणि यंत्रणेच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. पण वाट पाहायची सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. पुण्याचे खासदार गिरीश बापट यांचं २९ मार्च २०२३ ला निधन झालं. उच्च न्यायालयाने पोटनिवडणूक घ्यायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि पुणेकर २०२४ च्या निवडणुकीपर्यंत खासदाराविना राहिले. नगरपालिका-महापालिकांत तर अख्खी सभागृहंच वर्षानुवर्षं रिकामी होती. राज्यघटना पाच वर्षं संपण्याआधी निवडणूक घ्या म्हणते. महाराष्ट्रात प्रशासकांचं राज्य इतकं लांबलं, की ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली आणि नंतर तीही ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवावी लागली.

रिकाम्या वॉर्डाचा त्रास मोठ्या मथळ्यात दिसत नाही. माउलींची पालखी लोणंदला मुक्कामी येते तेव्हा पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं, कचरा उचलणं हे सगळं नगरपंचायतीला पेलायचं असतं. कांद्याचा हंगाम लागला की बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांनी रस्ते भरतात. तुंबलेल्या गटारीसाठी कुणाला फोन करायचा हे वॉर्डातल्या माणसाला माहीत असावं लागतं. मुख्याधिकारी चांगला असू शकतो, पण तो बदलीचा माणूस. पुढच्या निवडणुकीत त्याला तुमच्या दारात यायचं नसतं.

म्हणून मागणी करायची असेल ती ही : जागा रिकामी झाल्यापासून ठरावीक दिवसांत पोटनिवडणूक, मतदारांच्या अर्जाने सुरू होणारी मुदत, आणि किती वॉर्ड किती दिवसांपासून रिकामे आहेत याची सर्वांना पाहता येईल अशी यादी. आयोगाकडे माहिती असते, फक्त ती मोबाइलवर एका नजरेत दिसेल अशी मांडायची आहे.

पुढचं ग्राफिक फॉरवर्ड करण्याआधी

पाच गोष्टी तपासा. जागा का रिकामी झाली? मैदानात कोण नव्हतं? किती जणांनी मतदान केलं आणि फरक किती घरांचा होता? मागच्या वेळी याच वॉर्डात काय झालं होतं? आणि आजूबाजूच्या दहा-वीस निकालांची बेरीज तेच सांगते का?

पाचही उत्तरं एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर वारं बदलतंय असं खुशाल म्हणा. नसतील तर निवडून आलेल्या माणसाचा नंबर सेव्ह करून ठेवा. वॉर्डाच्या दृष्टीने त्या निकालाचा सर्वांत मोठा उपयोग तोच आहे.