पुरलेल्या मातीचा हिशेब

उत्तर चीनमधील लोएस पठार हे वाऱ्याने आणलेल्या धुळीचे आहे. हिमयुगांच्या थंड, कोरड्या काळात वायव्येकडील वाळवंटांतून आलेली पिवळी धूळ तेथे थरांनी साचत गेली. दोन हिमयुगांमधील उबदार काळात धूळ मंदावली, पाऊस वाढला, गवत माजले. चुना पाझरून खाली उतरला, लोहखनिजे निर्माण झाली आणि वरचा थर तांबूस मातीत पालटला. पुढील हिमयुगाने तिलाही धुळीखाली पुरले. माती जितकी तांबूस, तितका त्या काळचा पावसाळा जोरदार, असा सर्वसाधारण नियम आहे. लोच्वान येथील थरांचे चुंबकीय कालमापन हेलर व ल्यू यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केले आणि सुमारे २५ लाख वर्षांचा हा हिशेब उलगडला.

अशी माती घडण्यास हजारो वर्षे लागतात. त्याच पठाराच्या उतारांवरील नांगरटीमुळे मात्र ती ह्वांग हो नदीत वाहून गेली. अखेर १९९९ पासून तीव्र उतारांवरील शेती थांबविण्यासाठी चीन सरकारला शेतकऱ्यांना धान्य व पैसा द्यावा लागला. मुद्दल खाऊन कोणतेही घर फार काळ चालत नाही. पीकवाढीचे आकडे मांडताना मातीची झीज खर्चाच्या बाजूस दाखविणे, हे प्रत्येक अर्थसंकल्पाचे कर्तव्य आहे.