झगा घातला म्हणून सुपरहिरो होत नाही

मंडळी, आज मोहोराची नोंद नाही, फवारणीचीही नाही. एका औषध कंपनीचं कॅलेंडर घरी आलंय. त्यावर शेतकऱ्याचं चित्र, पाठीवर पंप, खांद्यावरून लाल झगा, आणि खाली मोठ्या अक्षरात 'शेतकरीच खरा सुपरहिरो'. मी ते इथे टाकलं तर दोन दिवस नुसते जोडलेले हात येतायत. त्यात कृषी पदवीच्या एका पोराने लिहिलं की सुपरहिरोला शक्ती लागते, शेतकऱ्याकडे ती नाही, आणि त्या हिशोबाने आपला मराठीतला 'बाजी'सुद्धा सुपरहिरो नाही. पोराचा शेतकऱ्याबद्दलचा निकाल बरोबर आहे, पण कारण साफ चुकलंय. आणि कारण चुकलं की पुढचं सगळं चुकतं, हे मातीपरीक्षण न करता खत टाकणाऱ्याला विचारा.

'बाजी' आला 2015 साली. दिग्दर्शक निखिल महाजन, काम श्रेयस तळपदेचं. तोंडावर मुखवटा आणि बुडाखाली घोडा, बाकी अंगात वीज नाही की आकाशात उडणं नाही. म्हणून तो बाद? मग 1939 पासून चालत आलेला बॅटमॅनही बाद करा. त्याच्याकडे पैसा आहे, जादू नाही.

शक्तीवरच ठरवायचं तर आपला तात्या विंचू घ्या. 'झपाटलेला', 1993, महेश कोठारे. मंत्र म्हणून बाहुल्यात जीव घालतो, साध्या माराने मरत नाही. एवढी शक्ती मराठी पडद्यावर दुसऱ्या कोणाला दिली? त्याला सुपरहिरो म्हणाल का? 'मिन्नल मुरली' नावाचा मल्याळम पिक्चर 2021 मध्ये आला, तो या बाबतीत सगळ्यात चांगला. केरळातलं एक गाव. एकाच रात्री दोघांवर वीज पडते. एक शिंपी, दुसरा चहाच्या टपरीवर राबणारा. दोघांनाही अचाट ताकद येते. टपरीवाल्याला बिचाऱ्याला गावाने आयुष्यभर हिणवलेलं असतं, बघताना वाईट वाटतं, पण तो ती ताकद आपल्या एकट्याच्या इच्छेसाठी वापरतो आणि गाव जळायची वेळ येते. शिंप्यालाही आधी अमेरिकेलाच जायचं असतं. पण शेवटी तो गावासाठी उभा राहतो. वीज एकच, खत एकच, पीक वेगळं.

आता झग्याचं. आपण हापूसवाल्यांनी तरी या चुकीत पडू नये. पेटीवर रत्नागिरी छापलं म्हणून आतला परराज्यातला आंबा हापूस होतो का? 2018 ला भौगोलिक मानांकन मिळालं तरी बाजारात हे चाललंच आहे. झगा म्हणजे पेटी. आतलं फळ बघायला हवं.

माझ्या मते आतलं फळ असं. जे काम त्याचं नाही, जे त्याला कोणी नेमून दिलेलं नाही, ते तो दुसऱ्यांसाठी अंगावर घेतो. त्याचं मोल घेत नाही, आणि श्रेय आपल्या खऱ्या नावावर येऊ नये म्हणून दुसरं नाव धरतो. मुखवटा त्यासाठी असतो, शोभेला नाही. 'झपाटलेला'त तात्या विंचूला संपवतो तो इन्स्पेक्टर महेश. पण तो पोलीस आहे, ते त्याचं कामच आहे, पगार मिळतो. शूर म्हणा, सुपरहिरो नको. उलट 'शहेनशाह'मधला अमिताभ, 1988 चा. तोही पोलीसच, दिवसा भित्रा आणि लाच घेणारा दिसतो, पण रात्री जे करतो त्याचा पगार नाही. तो बसतो. 2018 चा 'भावेश जोशी सुपरहिरो' पण बसतो. मुंबईचं पाणी चोरून टँकरने विकणाऱ्यांच्या मागे लागलेली साधी पोरं, सुरुवातीला तोंडावर कागदी पिशवी. त्या पिशवीला मी हसलो नाही. आणि बाजी? मुखवटा काढला तर चारचौघांतला माणूस, तरी लोकांसाठी उभा राहतो. बसतो.

कोणी म्हणेल मग आपला राखणदार, वेतोबा, हे काय? त्यांना यात ओढू नका. वेतोबाला आरवलीत आपण चपला वाहतो, गाऱ्हाणं घालतो, नवस फेडतो. तो देव. सुपरहिरोला नवस बोलता येत नाही, आणि त्याला कुठेतरी उणंही लागतं. 'मिस्टर इंडिया' तांबड्या उजेडात दिसतो. सुपरमॅनला तर एका शेतकरी जोडप्यानेच वाढवला. 1978 च्या पिक्चरमध्ये त्याचा तो शेतकरी बाप हृदय बंद पडून जातो, आणि रेल्वेला मागे टाकणारा पोरगा काही करू शकत नाही. मला त्या पिक्चरमधलं उडणं कमी आणि ते जास्त लक्षात आहे.

आता शेतकऱ्याला या मापावर ठेवा. मी आंबा पिकवतो ते माझं काम आहे, माझ्या घरासाठी आहे, आणि मला त्याचं मोल हवंय, पेटीमागे रोख. मी दुसऱ्या नावाने पिकवत नाही, सातबाऱ्यावर माझंच नाव आहे. म्हणून मी सुपरहिरो नाही. यात कमीपणा कुठला?

हे मी एवढं ताणतोय कारण ही पदवी फुकट मिळत नाही. सुपरहिरोला भाव विचारायचा नसतो. त्याला फळपीक विमा लागत नाही, थ्रिप्सला पाच-पाच फवारण्या झाल्या तरी औषधाचा दर कमी करा म्हणायचं नसतं. अवकाळीत मोहोर गेला तर तो पुन्हा उडेल, असं बघणारा समजतो. एकदा झगा घातला की मागणी करणारा माणूस दिसेनासा होतो, आणि जोडलेले हात तेवढे उरतात. ज्यांनी हे कॅलेंडर छापलं ते बाटलीच्या किमतीत एक रुपया सोडत नाहीत.

कंपनीवाल्यांना एकच सुचवणं. चित्रातल्या माणसाच्या पाठीवर पंप आहे, अंगावर झगा आहे, पण हातात मोजे नाहीत आणि तोंडाला मास्क नाही. पुढच्या वर्षी छापाल तेव्हा झगा काढा आणि ते दोन घाला.