घरात न उच्चारलेला शब्द

मराठी घरात काही क्रियापदांना बंदी असते. बाहेर पडणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. देवापुढचा नारळ फोडला तरी तो 'वाढवला' जातो. हातातली बांगडी पिचली तर ती 'वाढते', करंड्यातले कुंकू संपले तर तेही 'वाढते'. निरांजन विझत नाही, 'शांत' होते. आणि माणूस तर मरतच नाही. तो वारतो, देवाघरी जातो, त्याला देवाज्ञा होते. 'जातो' हा शब्द आपण जिवंत माणसाला नाकारला आहे, कारण तो त्या एका प्रसंगासाठी राखून ठेवायचा असतो.

साहित्यातील 'प्रतीक' हा शब्द ऐकला की पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. परीक्षेतले दहा मार्कांचे प्रश्न, मार्गदर्शिकांमधली ठरीव उत्तरे, समीक्षकांची जड परिभाषा यांनी हा शब्द उगाच परका करून ठेवला आहे. खरे पाहता ज्या आजीने आयुष्यात एक कादंबरी वाचली नाही, ती दिवसातून दहा वेळा प्रतीकात बोलत असते. जे थेट म्हणवत नाही ते दुसऱ्या वस्तूवर ठेवून म्हणायचे, एवढाच त्याचा अर्थ. थेट म्हणवत नाही अशा गोष्टींत मरणाचा नंबर पहिला, म्हणून जगातल्या बहुतेक थोर ग्रंथांत प्रतीकांची दाटी मरणाभोवतीच झालेली दिसते.

या दृष्टीने कोल्हापूर जिल्ह्याकडे पाहिले की एक नवल वाटते. 1959 साली वि. स. खांडेकरांची 'ययाति' आली. 1962 साली रणजित देसाई यांची 'स्वामी' आली. 1967 साली शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली. खांडेकर मूळ सांगलीचे, शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी करून पुढे कोल्हापुरात स्थायिक झालेले. देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. सावंत आजऱ्याचे. आठ वर्षांत, एका जिल्ह्याशी नाते असलेल्या तीन लेखकांनी मराठी मध्यमवर्गाच्या कपाटात कायमची जागा मिळवणाऱ्या तीन कादंबऱ्या लिहिल्या. लग्नात आहेर म्हणून दिल्या गेलेल्या, वाचनालयात नंबर लावून मिळवलेल्या, पाने सुटल्यावर पुन्हा बांधून घेतलेल्या या कादंबऱ्या. आणि तिन्ही मरणाच्या आहेत! एकीत म्हातारपण टाळू पाहणारा राजा, दुसरीत सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने जाणारा पेशवा, तिसरीत रथाचे चाक रुतलेला योद्धा. जो विषय जेवणाच्या पाटावर काढायला बंदी, त्याच विषयाची पुस्तके आपण रात्र रात्र जागून वाचली. हे कसे झाले असावे?

'ययाति'पासून सुरुवात करू. कथा महाभारतातली. शुक्राचार्यांच्या शापाने राजाला अकाली वार्धक्य येते आणि तो मुलाकडे तारुण्य मागतो. पुरू ते देतो. महाभारतातला ययाती हे उसने तारुण्य हजार वर्षे भोगतो आणि मग त्याला कळते की भोगाने वासना शमत नाही. खांडेकरांनी ही कथा घेतली ती आजच्या भोगवादी माणसाकडे बोट दाखवण्यासाठी, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. ते खरेच आहे, पण ते वरचे साल झाले. आतला गाभा भीतीचा आहे. खांडेकरांचा तरुण ययाती आपल्या बापाचे, नहुषाचे, मरण जवळून पाहतो आणि तिथून जो पळत सुटतो तो जन्मभर थांबत नाही. त्याची वासना ही मुळात पळण्याची वाट आहे. या कादंबरीत भोग हे मरणाच्या भीतीचे दुसरे नाव आहे असे मानून ती पुन्हा वाचून पाहा. पुष्कळ गोष्टी नव्याने उलगडतील.

आणि मग पुरूचे पांढरे केस. बापाने स्वीकारायला नकार दिलेले म्हातारपण कुणाला तरी स्वीकारावे लागतेच, ते नाहीसे होत नाही. हिशेबाच्या वहीत एका बाजूची रक्कम खोडली तर ती दुसऱ्या बाजूला उभी राहते, तसे. माझी सारी नोकरी बँकेत गेली, म्हणून मला हे प्रतीक पहिल्यापासून जमाखर्चाच्या भाषेत दिसत आले. घरातला वडीलधारा मनुष्य आपल्या शेवटाचा विचारच करायचा नाही असे ठरवतो, तेव्हा तो विचार करण्याचे ओझे मुलांच्या खात्यावर नावे पडते. मुले तिशी-पस्तिशीत म्हातारी दिसू लागतात ती अशी. 1974 सालचा ज्ञानपीठ पुरस्कार 'ययाति'ला मिळाला आणि तो मराठीला मिळालेला पहिला ज्ञानपीठ ठरला. त्या गौरवाच्या भाषणांतून भोगवादाची चर्चा भरपूर झाली. पुरूच्या केसांची त्या मानाने कमीच झाली.

'स्वामी'ची गोष्ट निराळी. पानिपतानंतर 1761 मध्ये सोळाव्या वर्षी माधवराव गादीवर आले आणि 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला चिंतामणीच्या सान्निध्यात त्यांनी देह ठेवला. मधल्या अकरा वर्षांत त्यांनी कोसळलेले राज्य उभे केले. राजयक्ष्मा बळावला तेव्हा त्यांनी वास्तव्यासाठी थेऊर निवडले. चिंतामणी म्हणजे चिंता हरण करणारा देव. ज्याच्या डोक्यावर अख्ख्या राज्याची चिंता, तो त्या देवाच्या दारी मरायला येतो, हे प्रतीक कादंबरीकाराला शोधून काढावे लागले नाही. इतिहासानेच ते हातात ठेवले होते. देसाईंचे मोठेपण असे की त्यांनी त्यावर फार कलाकुसर केली नाही.

इतिहासातली आणखी एक नोंद मला त्याहून मोलाची वाटते. अखेरच्या दुखण्यात माधवरावांनी आपल्या इच्छांची कलमवार यादी लिहवून घेतली. तीत कर्ज फेडण्याची चिंता होती, मागे राहणाऱ्यांची व्यवस्था होती. सत्तावीस वर्षांचा मुलगा अंथरुणात पडल्या पडल्या कर्जाचा हिशेब लावतो आहे! मरणाकडे सरळ पाहण्याचे याहून धीट उदाहरण मराठी इतिहासात शोधावे लागेल. पण 'स्वामी' वाचून आपण रडलो ते या यादीवर नव्हे. आपण रडलो रमाबाईंच्या सती जाण्यावर.

इथे थोडे थांबायला हवे. थेऊरला नदीकाठी रमाबाईंचे स्मारक आहे. लोक तिथे हात जोडतात. त्या पतिनिष्ठेपुढे मीही तरुणपणी हरखून गेलो होतो, आणि माझ्या पिढीतल्या किती मुलींनी ती पाने ओल्या डोळ्यांनी वाचली असतील याची गणती नाही. पण ऐन तारुण्यातली एक स्त्री जिवंत जळाली, हे साधे वाक्य त्या सौंदर्यात कुठे गेले? ज्योत, चंदन, हिरवा चुडा, हसरा निरोप अशी प्रतीके एकावर एक रचत गेलो की त्यांच्या खाली मरण दिसेनासे होते. प्रतीकाचा हा दुसरा गुण, किंवा अवगुण म्हणा. जे बोलवत नाही ते बोलायला ते मदत करते, तसेच जे पाहवत नाही ते झाकायलाही मदत करते. आणि झाकण घालण्याची किंमत बहुधा बायकांनी मोजलेली असते. पुरुषाचे मरण इतिहास होते, बाईचे मरण अलंकार होते. कादंबरीवर प्रेम करूनही वाचकाने हा हिशेब विचारावा. त्याने कादंबरी लहान होत नाही.

'मृत्युंजय'चे नावच प्रथम पाहावे. मृत्यूवर जय मिळवणारा, असा त्याचा अर्थ. ज्याच्यावर हे पुस्तक आहे तो कर्ण मात्र रणांगणावर, निःशस्त्र स्थितीत, जमिनीत रुतलेले चाक उपसताना मारला जातो. मग जय कसला? सावंत तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. थेऊरला माधवराव गेले त्याच वयाचे, हा योगायोग मनात येतोच. त्यांनी कर्णाभोवती जी प्रतीके उभी केली ती बहुतेक व्यासांचीच आहेत: जन्मजात कवचकुंडले, ज्या नदीने पेटी वाहून नेली ती नदी, ज्याच्याकडे पाठ फिरवायची नाही तो सूर्य, आणि शेवटी ते चाक. पण त्यांचा क्रम पाहा. कवच म्हणजे न मरण्याची हमी. ती हमी कर्ण स्वतःच्या हाताने कापून देऊन टाकतो. दान मागायला आलेला ब्राह्मण कोण आहे हे ठाऊक असताना देतो. मृत्यूवरचा जय रणांगणावर झालेला नाही. तो त्याआधीच, ती हमी सोडून दिली त्या सकाळी झालेला आहे. ययाती देहाचे तारुण्य मुलाकडून मागून घेतो, कर्ण देहाचे संरक्षण परक्याला देऊन टाकतो. कोल्हापूरच्या मातीतली ही दोन पुस्तके एकमेकांना उत्तर देतात असे मला नेहमी वाटत आले आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. 'मृत्युंजय' सहा जणांच्या तोंडून सांगितली आहे: कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण. शेवटचे निवेदन श्रीकृष्णाचे. आपल्या मरणाची गोष्ट माणूस स्वतः पुरी करू शकत नाही, ती कुणीतरी मागे राहिलेल्याने पुरी करावी लागते. म्हणूनच मागे राहणाऱ्याला निदान ती ठाऊक तरी असावी!

टॉलस्टॉयची 'इव्हान इलिचचा मृत्यू' ही दीर्घकथा 1886 सालची. एक सुखवस्तू न्यायाधीश अंथरुणाला खिळतो. डॉक्टर, बायको, स्नेही सारेच 'तुम्ही फक्त आजारी आहात, बरे व्हाल' असे म्हणत राहतात. त्या माणसाला दुखण्यापेक्षा या खोटेपणाचा त्रास अधिक होतो. घरात खरे वागणारा एकटाच, गेरासिम नावाचा खेडवळ नोकर. तो धन्याचे पाय आपल्या खांद्यावर घेऊन बसतो आणि मरण सर्वांनाच यायचे आहे हे लपवत नाही. मॉस्को-पीटर्सबर्गच्या त्या दिवाणखान्यात आणि आपल्या राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये काय फरक आहे सांगा? रिपोर्ट मुलाने खिशात लपवायचा, सुनेने स्वयंपाकघरात डोळे पुसायचे, आणि आजोबांना सांगायचे, 'काही नाही हो, थोडी ॲसिडिटी आहे.' आजोबांना सारे कळलेले असते. तेही आपल्यासाठी न कळल्याचे सोंग वठवत असतात.

बँकेच्या काउंटरवर मी हे सोंग वेगळ्या अंगाने पाहिले. खाते उघडताना 'वारस लावायचा का?' असे विचारले की भलीभली माणसे चपापत. 'एवढ्यात कशाला, साहेब?' हे उत्तर पस्तिशीतला देई आणि पंच्याहत्तरीतलाही देई. मग एखाद्या दिवशी पांढऱ्या कपाळाची बाई मृत्यूचा दाखला घेऊन पुढ्यात उभी राही. ठेव किती, पावती कुठे, कर्ज कुणाचे, यातले तिला काही ठाऊक नसे. वारस नाही म्हणून कागदांची भेंडोळी, जामीनदार, दिरांच्या सह्या. दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येत, तेव्हा आपण जिवंत असल्याची सही करताना बहुतेक जण विनोद करीत. त्या विनोदात विषयाला तोंड फुटलेले असे. पण घरी जाऊन कुणी तो पुढे नेला असेल असे वाटत नाही.

आणि तरीही आपल्याला बोलता येत नाही असे नाही. दहाव्याच्या दिवशी नदीच्या घाटावर जाऊन पाहावे. पिंड ठेवलेला आहे, कावळा शिवत नाही, ऊन चढत चालले आहे. मग मोठा मुलगा हात जोडून म्हणतो, 'धाकटीचं लग्न आम्ही नीट करू.' थोरली सून म्हणते, 'आईंना अंतर देणार नाही.' भाऊबंदकीत वर्षानुवर्षे अडलेली वाटणीसुद्धा तिथे पाच मिनिटांत कबूल होते. कावळा हे मराठी माणसाचे सर्वांत जुने आणि सर्वांत प्रामाणिक मृत्युप्रतीक असावे. त्याच्याशी आपण जे बोलतो, ते दहा दिवस आधी खाटेवरच्या माणसाशी बोलता आले असते. त्याला ते ऐकायचेही होते.

अलीकडे या गोष्टीला कायद्याचेही बळ आले आहे. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. शेवटच्या दुखण्यात आपल्यावर कोणते उपचार करावेत आणि कोणते करू नयेत, हे धडधाकट असताना लिहून ठेवण्याची मुभा दिली. 2023 मध्ये त्याची रीत पुष्कळ सोपी केली. पण कायदा फार तर कागद देऊ शकतो. त्या कागदावर काय लिहायचे हे ठरवण्यासाठी घरात एकदा बसून बोलावे लागते, आणि तिथेच आपले घोडे अडते.

मला वाटते, अभिजात साहित्याचा संसारी माणसाला उपयोग आहे तो इथे. 'बाबा, तुमच्यानंतर काय?' असे विचारायची कुणाची छाती होणार नाही. पण 'पुरूने तारुण्य दिलं ते बरोबर केलं का हो?' असे विचारता येते. 'माधवरावांनी यादी केली होती म्हणे' असा विषय रविवारी चहाबरोबर निघू शकतो. नचिकेत्याने तर थेट यमाच्याच दारी जाऊन प्रश्न विचारले, आणि यमाने त्याला हुसकावून न लावता, तीन रात्री उपाशी राहिलेला अतिथी म्हणून तीन वर दिले. हा विषय काढल्याने अभद्र होत नाही, हे आपल्याच परंपरेने केव्हाच सांगून ठेवले आहे.

कपाटातली ती जुनी पुस्तके खाली काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ती कधीकाळी वाचलेली असतील, कदाचित पहिल्या पानावर त्यांचे नाव आणि तारीखही असेल. त्यांना विचारा, यातले काय आठवते. ते कर्णाविषयी बोलू लागतील, थेऊरविषयी बोलू लागतील. घाई न करता ऐका. बोलता बोलता गोष्ट कुणाची चालली आहे, हे दोघांच्याही लक्षात येईल. ते लक्षात आल्यावर विषय मात्र बदलू नका.