सात कोटींचा प्रश्न समोर असताना ‘थांबते’ म्हणणं शहाणपणाचं का होतं?

महागाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये दुपारची खिचडी शिजते ती शालेय पोषण आहार योजनेतून. ती शिजवणाऱ्या बायांना पगार नसतो, ‘मानधन’ असतं. २०१९ साली महाराष्ट्रात ते महिन्याला १,५०० रुपये होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये याच अमरावती विभागातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे ‘कौन बनेगा करोडपती’च्या ११व्या पर्वात एक कोटी रुपये जिंकल्या. त्या शाळेत खिचडी शिजवायचं काम करत होत्या. सात कोटींचा प्रश्न मात्र त्यांनी सोडला. तो निर्णय बरोबर होता का?

दडपण नेमकं कशाचं असतं?

हा खेळ मूळचा ब्रिटनचा. तिथे तो १९९८ साली सुरू झाला, भारतात जुलै २००० मध्ये आला. पहिला करोडपती मुंबईचा हर्षवर्धन नवाथे, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा तरुण. त्यामुळे हा निव्वळ सामान्यज्ञानाचा खेळ आहे असं अनेकांना वाटतं.

खेळाची रचना पाहिली तर चित्र वेगळं दिसतं. ११व्या पर्वात पहिल्या पाच प्रश्नांना ४५ सेकंद आणि पुढच्या पाचांना ६० सेकंद मिळायचे. दहाव्या प्रश्नानंतर घड्याळ थांबायचं, पण खरी कसोटी तिथेच सुरू व्हायची. १०वा प्रश्न, म्हणजे ३ लाख २० हजार, हा शेवटचा पडाव. त्यापुढे कुठेही चुकलं तरी माणूस थेट ३ लाख २० हजारांवर यायचा.

म्हणजे वर चढत जाल तसं मिळवण्यासारखं वाढतं, तसंच गमावण्यासारखंही वाढतं.

आकडेमोड काय सांगते?

५० लाख हातात आहेत आणि एक कोटीचा प्रश्न समोर आहे, असं समजा. बरोबर आलं तर ५० लाख वाढतात. चुकलं तर ४६ लाख ८० हजार जातात. म्हणजे उत्तराची खात्री साधारण ४८ टक्क्यांच्या वर असेल, तरच खेळणं परवडतं.

ताडेंना या टप्प्यावर बहादूरशाह जफरच्या दरबारातल्या कोणत्या शायराने ‘दास्तान-ए-गदर’ लिहिलं, हे विचारलं होतं. जहीर देहलवी हे उत्तर बरोबर आलं.

सात कोटींचं गणित उलटं आहे. चुकलं तर ९६ लाख ८० हजार जातात, पण जिंकलं तर सहा कोटी वाढतात. इथे १४ टक्के खात्रीही पुरते. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला तरी बरोबर येण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणजे कागदावर खेळणंच फायद्याचं!

मग थांबणं शहाणपणाचं कसं?

कारण कागदावरचं गणित सरासरीचं असतं. शंभर वेळा खेळायला मिळालं तर ते लागू पडतं. इथे संधी एकदाच मिळते, आणि चारातल्या तीन वेळा एक कोटी जाऊन तीन लाख उरणार असतात.

शिवाय प्रत्येक कोटीची किंमत सारखी नसते. केंद्राच्या निकषाप्रमाणे हे मानधन वर्षातले १० महिनेच मिळतं. १,५०० रुपयांच्या हिशेबाने वर्षाचे १५ हजार, आणि एक कोटी म्हणजे ६६६ वर्षांचं मानधन. पहिल्या कोटीने घर, मुलांचं शिक्षण, आजारपण, म्हातारपण सगळं बदलतं. पुढच्या सहा कोटींनी आयुष्य आणखी सहा पट बदलत नाही. म्हणून पहिला कोटी पणाला न लावणं हा हिशेबी निर्णय होता, त्याला भित्रेपणा म्हणता येत नाही.

एक कोटीतले हातात किती येतात?

आयकर कायदा, १९६१ च्या कलम ११५बीबीनुसार अशा बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर होता. त्यात कोणतीही वजावट मिळत नव्हती. अधिभार आणि उपकर धरून एक कोटीवर हा कर ३४ लाख ३२ हजारांपर्यंत जायचा. त्यातले ३० लाख आधीच कापले जात, उरलेले विजेत्याने स्वतः भरायचे. हे माहीत नसलेला विजेता सगळे ७० लाख खर्च करून बसला, तर अडचणीत येणारच.

पैसे आल्यानंतरचं दडपणही कमी नसतं. २०११ साली पाच कोटी जिंकलेले बिहारमधल्या मोतिहारीचे सुशील कुमार यांनी २०२० मध्ये स्वतःच लिहिलं, की जिंकल्यानंतरचा काळ आयुष्यातला सर्वांत वाईट काळ होता.

खेळाबाहेरचा प्रश्न

ताडेंची गोष्ट ‘जिद्दीचा विजय’ म्हणून सांगितली गेली आणि ती तशी आहेच. पण इतकं वाचन असलेल्या बाईला १,५०० रुपयांवर काम का करावं लागत होतं, हा प्रश्न त्या टाळ्यांमध्ये मागे पडला.

त्याचं उत्तर ‘मानधन’ या शब्दात आहे. या स्वयंपाकी बाया कर्मचारी धरल्या जात नाहीत, त्यांचं काम ‘मानद’ समजलं जातं. त्यामुळे किमान वेतनाचा हिशेब त्यांना लागू होत नाही. केंद्राने २००९ मध्ये महिना एक हजार रुपयांचा दर ठरवला. त्यावरची वाढ राज्याच्या मर्जीवर अवलंबून असते. केरळ आणि तमिळनाडू यांनी बरीच जास्त रक्कम दिली. महाराष्ट्रानेही २०१९ नंतर मानधन वाढवलं, तरी पगार आणि मानधन यांतला फरक तसाच राहिला.

टीव्हीवरच्या त्या खुर्चीपर्यंत लाखांतला एखादाच पोहोचतो. महागावपासून अंजनगावपर्यंत रोज चूल पेटवणाऱ्या बाकीच्या बायांचं उत्पन्न मात्र सरकारी निर्णयानेच बदलू शकतं.