आतड्यांचे जुने विकार तपासणीच्या यादीबाहेरच

रायपूर : आयुष्मान भारत योजनेतील देशातील पहिले आरोग्यवर्धिनी केंद्र १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातील जांगला या गावी सुरू झाले. तिशी ओलांडलेल्या नागरिकांची मधुमेह, उच्च रक्तदाब आणि मुख, स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांसाठी तपासणी करणे, हे अशा केंद्रांचे एक प्रमुख काम. वर्षानुवर्षे पाठ न सोडणाऱ्या आतड्यांच्या विकारांना मात्र या यादीत स्थान नाही.

या विकारांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. इरिटेबल बॉवेल सिंड्रोममध्ये पोटदुखी, जुलाब किंवा बद्धकोष्ठता वारंवार होते. पण दुर्बिणीच्या तपासणीत आतड्याला इजा झालेली दिसत नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या विकारांत मात्र आतड्याला सूज येते, व्रण होतात. पहिल्या गटातील रुग्णाला ‘काही झालेले नाही’ असे सांगून परत पाठवले जाते, तर दुसऱ्या गटातील रक्तस्राव मूळव्याध समजून अंगावर काढला जातो.

दुखण्याविषयीचा संकोच निदानाला आणखी उशीर करतो. ३३ देशांतील ७३ हजारांहून अधिक प्रौढांच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पचनसंस्थेच्या कार्यात्मक विकारांचे प्रमाण ऑनलाइन उत्तरांत सुमारे ४० टक्के, तर घरोघरी जाऊन घेतलेल्या मुलाखतींत सुमारे २० टक्के आढळले. भारतात दुसरी पद्धत वापरली गेली. शौचाविषयी समोरासमोर बोलण्याची लाज हे या तफावतीमागील एक कारण असू शकते. हाच संकोच दवाखान्यातही आड येतो. दिवसातून अनेकदा शौचास जावे लागणाऱ्या शेतमजुराचा रोज बुडतो, तर स्वच्छतागृहाच्या खात्रीअभावी अनेक जण प्रवास टाळतात.

मध्य भारतात निदानाचा प्रश्न क्षयरोगामुळे अधिक गुंतागुंतीचा होतो. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हे दोन्ही आजार बहुधा लहान आणि मोठे आतडे जिथे जुळते, तिथेच व्रण करतात. ताप, पोटदुखी, वजन घटणे ही लक्षणेही सारखीच. क्षय असताना क्रोन्सचे रोगप्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले, तर क्षय बळावू शकतो. उलट चूक झाल्यास महिनोन्‌महिने निरुपयोगी औषधे घेण्यात जातात. हा फरक ठरवण्यासाठी कोलोनोस्कोपी, ऊतींची तपासणी आणि अनुभवी तज्ज्ञ लागतात. रायपूरमध्ये २०१२ मध्ये सुरू झालेले एम्स आहे. पण बिजापूरहून राजधानीचे अंतर चारशे किलोमीटरहून अधिक आहे.

रक्तक्षयामुळेही धोक्याची खूण झाकली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार छत्तीसगडमधील १५ ते ४९ वयोगटातील ६०.८ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. इतके प्रमाण असताना आतड्यातील संथ रक्तस्रावामुळे हिमोग्लोबिन घटलेली स्त्री वेगळी ओळखू येत नाही. लोहाच्या गोळ्या मिळतात, मूळ कारण तसेच राहते.

खर्चाची बाजूही दुर्लक्षित आहे. आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी असते. घरी परतल्यानंतरच्या औषधांची सोय १५ दिवसांपुरतीच. कोलायटिसचा रुग्ण मात्र बहुतांश काळ घरीच असतो आणि त्याच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालतात. पैशाअभावी औषध थांबले की आजार उसळतो आणि रुग्णालयाची वेळ येते. म्हणजे स्वस्त टप्प्यावर नाकारलेला खर्च महागड्या टप्प्यावर शासनालाच करावा लागतो.

उपायाची सुरुवात मोठ्या यंत्रांपासून करण्याची गरज नाही. आशा योजनेच्या आधी, २००२ मध्ये छत्तीसगडने गावोगावी ‘मितानिन’ आरोग्यसेविका नेमल्या. शौचातून रक्त जाते का, कारणाविना वजन घटले का, पोटाच्या त्रासाने रात्री झोपमोड होते का आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही का, हे चार प्रश्न त्या घरातच विचारू शकतात. एकाचेही उत्तर ‘हो’ आल्यास रुग्णाला थेट तज्ज्ञाकडे पाठवण्याची व्यवस्था आणि नियमित औषधांचा मोफत पुरवठा, एवढे दोन निर्णय झाले तरी निदानातील विलंब बराच घटेल. बस्तरला लागून असलेल्या गडचिरोलीतही अंतराची अडचण तशीच असल्याने महाराष्ट्रासाठीही हा मार्ग विचारात घेण्याजोगा आहे.